खापरपणजीच्या रकान्यात काय लिहायचं?

आजचा भाग मी करी रोडला, आमच्या घरातूनच रेकॉर्ड करतेय. त्यामुळे मध्येच लोकलचा आवाज येईल, खालून कुणीतरी कुणाला हाक मारेल, सांभाळून घ्या. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लेखी रूपही देतेय. बोलताना जे अडखळले ते थोडं नीट केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात आमच्या स्टेशनपासून करते. बाहेरचे लोक विचारतात, करी रोड म्हणजे करी, रस्सा, तसं काही का? तर नाही. करी हे रेल्वेतल्या एका इंग्रज अधिकाऱ्याचं आडनाव. म्हणजे बघा, दगडविटांच्या एका स्टेशनाला नाव कुणाकडून मिळालं ते आपल्याला माहीत आहे. पण त्याच स्टेशनापासून पाच मिनिटांवरच्या चाळीत माझी खापरपणजी आयुष्यभर राहिली, आणि ती कुणाची मुलगी होती हे आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. आजचा भाग त्याबद्दल आहे.

नात्याचा घोळ नको म्हणून आधीच सांगते. माझी आई, आईची आई म्हणजे माझी आजी, आजीची आई म्हणजे पणजी, आणि पणजीची आई ती खापरपणजी. सगळी बायकांची ओळ आहे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे, लक्षात ठेवा.

गेल्या वर्षी आजीचं सहस्रचंद्रदर्शन केलं. मामाच्या डोक्यात आलं की हॉलमध्ये एक मोठा बोर्ड लावू, आजीच्या माहेरचं आणि सासरचं सगळं कुळ त्यावर दाखवू. आमच्याकडे असं काही निघालं की "तू कॉम्प्युटरवाली ना, तू कर" असं असतं. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची सहा, याचा घरात उपयोग एवढाच, की प्रिंटर चालत नसेल तर मला बोलवायचं आणि वंशावळ करायची असेल तर मला बोलवायचं.

मी पद्धतशीर एक्सेल शीट केली. प्रत्येक माणसाची एक ओळ. नाव, जन्म अंदाजे कधी, गाव, आई, वडील. आजीला आणि तिच्या बहिणीला विचारून महिन्याभरात सत्तरएक ओळी भरल्या. खापरपणजीच्या ओळीवर येऊन गाडी थांबली. नाव होतं. नवरा होता, गिरणीत होता, मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. गाव, आई, वडील हे तीन रकाने मात्र रिकामे.

मामा म्हणाला, "अगं, टाक ना काहीतरी. संगमेश्वरकडचं एखादं गाव टाक, आपल्यातलंच एखादं आडनाव टाक. कोण बघणार आहे?"

आता मी रोज कामावर जे करते त्यात एक नियम आहे. माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा, तिथे अंदाजाने काही भरायचं नाही. कारण रिकामा रकाना पुढच्या माणसाला सांगतो की इथे शोधायचं बाकी आहे. चुकीचं भरलेला रकाना मात्र कुणी पुन्हा तपासत नाही. मी मामाला म्हटलं, "मला तीन महिने दे." मामा म्हणाला, "तीन महिने घे, पण हॉल बुक झालाय."

तर घरात तिच्याबद्दल काय काय सांगतात? तीन गोष्टी आहेत.

पहिली प्लेगची. मुंबईत प्लेग पसरला, माणसं शहर सोडून पळाली, त्या धावपळीत ही लहान मुलगी मागे राहिली. गिरणी कामगारांची खानावळ चालवणाऱ्या एका बाईने तिला ठेवून घेतलं.

दुसरी गोष्ट साहेबाची. खापरपणजीचे डोळे घारे होते. त्यावरून कुणीतरी कधीतरी म्हणालं की ती गोऱ्या साहेबाची. ही गोष्ट घरात मोठ्याने सांगत नाहीत, पण लग्नकार्यात चार बायका एकत्र बसल्या की निघतेच.

तिसरी गोष्ट अशी की ती मिशनच्या अनाथाश्रमातून आली. आजीच्या बहिणीने ही ऐकली होती. कुणाकडून, ते तिला आठवत नाही.

मी ठरवलं की तिन्ही तपासायच्या. आणि लगेच कळलं की आपल्याकडे बाईचा माग काढणं पुरुषाचा माग काढण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. कारण साधं आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहायची पद्धत. मधलं नाव बदललं, म्हणजे वडिलांचं नाव गेलं. आडनाव बदललं, म्हणजे घराणं गेलं. आणि पहिलं नावही बदललं, तर मग त्या मुलीला आधी जी हाक मारत होते तीसुद्धा गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर एका दिवसात तिन्ही की बदलल्या. जुन्या नोंदीला जोडणारं काही उरलंच नाही.

बरं, सरकारी कागद? ब्रिटिशांनी १८८१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना केली. मला वाटलं, चला, १९०१ ची यादी काढू. पण आपल्याकडे घरोघरचे मूळ तक्ते जपलेच नाहीत, बेरजा छापल्या आणि काम संपलं. इंग्लंडमध्ये १९२१ पर्यंतच्या जनगणनेची पानं आज घरबसल्या नावासकट बघता येतात. तेच राज्य, तीच पद्धत, पण तिथल्या माणसाचं नाव राहिलं आणि इथल्या माणसाचा फक्त आकडा.

गावाकडे जन्ममृत्यूची नोंदवही असते, गाव नमुना चौदा, लोक कोतवाल बुक म्हणतात. सध्या कुणबी नोंदींच्या निमित्ताने हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. जुनी पानं बरीचशी मोडीत. मी खापरपणजोबांच्या गावची काही पानं एका मोडी वाचणाऱ्या काकांकडून वाचून घेतली. जन्माच्या नोंदीत काय? बापाचं नाव, जात, आणि मूल मुलगा की मुलगी. त्या पानांवर आईचं नाव नाही, आणि बाळाचंही नाव नाही. नुसतं "मुलगी". माझी खापरपणजी त्या गावची असती तरी मला ती ओळखता आली नसती.

मग हाताला लागलं काय? दोन कागद. एक रेशनकार्ड, आणि दुसरी तिच्या मृत्यूची नोंद. नोंद १९५६ ची. वय ६०. म्हणजे जन्म १८९६ चा, असं मी आनंदाने शीटमध्ये लिहिलं. दुसऱ्या दिवशी खोडलं. कारण जुन्या नोंदींत वयं बघा, पन्नास, पंचावन्न, साठ अशीच असतात. ज्यांना जन्मतारीख माहीत नाही त्यांचं वय सांगणारा माणूस जवळचा गोल आकडा सांगतो. तेव्हा साठ म्हणजे पंचावन्न ते पासष्ट. म्हणजे जन्म साधारण १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत कधीही.

आता प्लेगची गोष्ट याच्याशी जुळते का? १८९६ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी मांडवीत पहिल्यांदा प्लेग ओळखला. त्यानंतर तो एका वर्षात गेला नाही, पुढची कित्येक वर्षं दर हिवाळ्यात परत येत राहिला. १८९१ च्या जनगणनेत मुंबईत ८ लाख २२ हजारांच्या आसपास माणसं होती, १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजार. गिरण्यांमुळे वाढत चाललेलं शहर दहा वर्षांत चक्क कमी झालं. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, त्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा १८९९ मध्ये आली. आणि तिकडे पुण्यात, १० मार्च १८९७ ला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. म्हणजे त्या काळात एखादी मुलगी आईवडिलांवाचून उरणं यात नवल काहीच नव्हतं.

मी काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, तिथेही जाऊन बसले. सुट्टीचे दिवस घालवले. मी जे कागद चाळले त्यांत किती आजारी, किती मेले, किती घरं तपासली, सगळं होतं. आकडेच आकडे. नाव नाही. तेव्हा प्लेगची गोष्ट शक्य आहे, इतरांपेक्षा जास्त शक्य आहे, पण सिद्ध नाही.

मिशनची गोष्ट थोडी लंगडी वाटते. त्या काळात मिशनच्या संस्था, पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती सदन, प्रार्थना समाजाशी जोडलेलं पंढरपूरचं १८७५ पासूनचं बालकाश्रम, अशी ठिकाणं होती. तिथे मुलींना निदान लिहायला वाचायला शिकवत. आमची खापरपणजी शेवटपर्यंत अंगठा लावत होती. हा काही पुरावा नाही, पण पारडं हलकं होतं.

राहिला साहेब. आणि गंमत बघा, तीन गोष्टींपैकी हीच एक अशी आहे जिचे कागद खरंच जपलेले आहेत. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला दरवर्षी लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, बऱ्याच ऑनलाइन शोधता येतात. पण शोधायचं काय? मला नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, वर्ष माहीत नाही. नुसता "साहेब". अशा क्वेरीला कॉम्प्युटर काय उत्तर देणार? आणि घाऱ्या डोळ्यांचं म्हणाल तर कोकणात घारे डोळे शोधायला साहेब लागत नाही. आमच्याच नात्यात, खापरपणजीशी रक्ताचा संबंध नसलेल्या घरांत, दोघातिघांचे घारे आहेत.

हे सगळं चालू असताना मी एका वेगळ्याच बाईच्या कहाणीत अडकले. ती तुम्हाला सांगायलाच हवी.

'द किंग अँड आय' नावाचं गाजलेलं नाटक, नंतर सिनेमा. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली इंग्रज शिक्षिका, ॲना लिओनोवेन्स. ती खरी बाई. १८६२ मध्ये बँकॉकला गेली, १८७० मध्ये तिने त्यावर पुस्तक लिहिलं. तिने जगाला सांगितलं की माझा जन्म १८३४ चा, वेल्समधल्या कार्नार्वनचा, माझे वडील सैन्यात कॅप्टन होते, माहेरचं आडनाव क्रॉफर्ड. तिच्या मुलानातवंडांनी हेच मानलं. पुस्तकांनी हेच छापलं.

पुढे १९७० च्या दशकात ब्रिस्टो नावाचे एक ब्रिटिश गृहस्थ तिच्या मुलाची माहिती गोळा करत होते. हे मूळचे कोळ्यांचे अभ्यासक, म्हणजे जाळं विणणारे कोळी. त्यांनी वेल्समध्ये ॲनाच्या जन्माची नोंद शोधली, आणि ती काही सापडेना. मग भारतातल्या नोंदी बघितल्या, आणि सगळं जाळं सुटलं. ॲना वेल्सची नव्हतीच. तिचा जन्म १८३१ चा, अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. वडील थॉमस एडवर्ड्स, कॅप्टन नव्हेत, साधे सैनिक, त्याआधी सुतारकाम करणारे. ती जन्मायच्या आधीच वारले. आईने पुन्हा एका सैनिकाशी लग्न केलं. ॲनाचं स्वतःचं लग्न १८४९ च्या नाताळात पुण्यात झालं, नवरा कारकून. नवऱ्याच्या नावातले 'लिऑन' आणि 'ओवेन्स' हे दोन तुकडे जोडून पुढे भारदस्त आडनाव तयार झालं.

तिच्या आईवडिलांचं लग्न १८२९ मध्ये ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चमध्ये लागलं. मी हे वाचलं तेव्हा स्लो लोकलमध्ये होते. मनात आलं, न उतरता अशीच बसून राहिले तर ही गाडी मला त्या चर्चच्या गावी नेईल.

पण खरी गोष्ट अजून पुढेच आहे. ॲनाच्या आईचं नाव मेरी ॲन ग्लासकॉट. तिचे वडील मुंबईच्या फौजेतले लेफ्टनंट ग्लासकॉट. आणि आई? आईची नोंद नाही. त्या काळी मुंबई इलाख्यात गोऱ्या बायका फारच थोड्या होत्या, त्यामुळे अभ्यासकांचा अंदाज असा की ती भारतीय किंवा मिश्र वंशाची असणार. ॲनाने जे लपवलं त्याचं मूळ बहुधा हेच. छावणीतल्या साध्या सैनिकाची मुलगी, त्यातून आजी काळी असण्याचा संशय. अशा बाईला त्या समाजात मुलांची शिक्षिका म्हणून कोण उभं करणार? नवरा मेला होता, दोन मुलं सांभाळायची होती. तिने रकाने स्वतःच भरले.

मला तिचा राग येत नाही. तिच्या जागी मी असते तर कदाचित मीही भरले असते. पण परिणाम बघा. ॲनाच्या बहिणीचा नातू म्हणजे हॉलिवूडचा बोरिस कार्लोफ, १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला राक्षस. एवढं जगप्रसिद्ध कुटुंब, एवढे अभ्यासक, चरित्रं, पुस्तकं. तरी आज ॲनाचा सगळा शोध त्या एका बाईपाशी येऊन थांबतो. लेफ्टनंटाचं नाव, पलटण, सगळं आहे. त्याच्या मुलीची आई कोण, तिथे कोरं आहे. ॲनाने भरलेली खोटी माहिती शंभर वर्षांनी खोडता आली. पण जी आजी कुणी लिहिलीच नाही ती आता कुठून आणणार?

मामाचं "टाक ना काहीतरी" मला तेव्हा पुन्हा ऐकू आलं. आपण टाकलेलं गाव आणि आडनाव साठ वर्षांनी कुणाला तरी खरं वाटणार. आणि त्यांना खोडायला कोळ्यांचे अभ्यासक मिळतीलच असं नाही.

आता तुम्ही म्हणाल, डीएनए टेस्ट कर की. मलाही तेच वाटलं होतं. इथे दुसरी एक बाई सांगते, तीही आपल्याच इलाख्यातली.

सुरतेला थिओडोर फोर्ब्स नावाचा स्कॉटिश व्यापारी होता. त्याच्याबरोबर एलिझा केवार्क नावाची बाई राहायची. त्यांची मुलगी कॅथरीन, जन्म १८१२. फोर्ब्स पुढे मुंबईत आला, एलिझा सुरतेतच राहिली, मुलीला स्कॉटलंडला पाठवून दिलं. फोर्ब्स १८२० मध्ये समुद्रप्रवासात मेला. कागदात एलिझाची ओळख काय, तर घर सांभाळणारी बाई. काळाघोड्याला आजही जुने लोक ज्याला फोर्ब्स स्ट्रीट म्हणतात, आताचा डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग, ते नाव याच फोर्ब्स मंडळींच्या पेढीवरून आलेलं. मी पुराभिलेखागारात जाताना त्याच भागातून चालत जात होते आणि मला पत्ता नव्हता.

तर या कॅथरीनपासून मुलीची मुलगी, तिची मुलगी करत करत ती ओळ येते राजकन्या डायनापर्यंत. घराण्यात सांगायचे की एलिझा आर्मेनियन होती. नावही आर्मेनियन. २०१३ मध्ये त्या घराण्यातल्या नातेवाइकांची लाळ तपासली, आणि आईकडून आईकडे जाणाऱ्या डीएनएचा जो प्रकार निघाला तो भारतीय उपखंडातला. म्हणजे एलिझाचे वडील आर्मेनियन असतील, पण तिच्या आईची ओळ इथली.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच लोक फसतात. मायटोकाँड्रिया नावाच्या भागातला डीएनए फक्त आईकडून मिळतो. मुलगा असो की मुलगी, दोघांना मिळतो, पण पुढे फक्त मुलगीच देते. म्हणजे खापरपणजीचा तो डीएनए पणजीत, आजीत, आईत आणि माझ्यात जवळजवळ जसाच्या तसा आहे. तो तिच्या आईबद्दल बोलेल. तिच्या वडिलांबद्दल एक अक्षर बोलणार नाही. आमचा प्रश्न तर साहेब होता की नाही हा, म्हणजे वडिलांचा.

त्यासाठी उरलेला डीएनए बघावा लागतो, आणि तो दर पिढीला निम्मा होतो. खापरपणजीचे वडील माझ्यापासून पाच पिढ्या वर. म्हणजे माझ्यात त्यांचा वाटा सरासरी बत्तिसावा, तीन टक्क्यांच्या आसपास. आईत सोळावा. आणि आजीत आठवा, साडेबारा टक्के. साहेब खरा असेल तर आजीच्या टेस्टमध्ये तो लपणार नाही. माझ्या टेस्टमध्ये धूसर होईल. थोडक्यात, टेस्ट करायची तर आजीची, आणि आजी आहे तोवरच.

मी आजीकडे गेले. दुपारची वेळ, ती लसूण सोलत बसली होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. नळीत थुंकायचं, पार्सल करायचं, दीड-दोन महिन्यांत उत्तर. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "आणि साहेब निघाला तर तू काय करशील?"

मी म्हटलं, "काही नाही, आपल्याला कळेल."

"आणि नाही निघाला तर?"

"तरी कळेल."

"मग दोन्हीत तू काहीच करणार नाहीस. मी मात्र या वयात चार जणींच्या तोंडी लागणार. माझी थुंकी माझ्यापाशीच राहू दे."

मी काही बोलले नाही. खरं सांगते, थोडी चिडलेही होते. तीन महिने घालवले होते. पण तिचं बरोबर होतं. डीएनए तिचा होता. उत्तराचा भारही तिच्यावर, तिच्या भावंडांवर, त्यांच्या सुनाजावयांवर पडणार होता. मी लॅपटॉप मिटून मोकळी झाले असते.

मग लसूण सोलता सोलताच ती बोलायला लागली. म्हणाली, "तू सारखं विचारतेस तिचा बाप कोण, आई कोण. तिला आई होती की. खानावळवाली. आम्ही तिला बघितलं नाही, पण आजी तिला आईच म्हणायची. दर वर्षी तिच्या नावाने पान वाढायची."

आणि मग तिने जे सांगितलं ते मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. खापरपणजोबा त्या खानावळीत जेवायला येत. त्यांनीच लग्नाचं विचारलं. गावाहून प्रश्न आला, मुलगी कुणाची, जात काय? खानावळवालीने सांगितलं, माझी. ते गावाने मानलं नाही. लग्न इथेच झालं, गावचं कुणी आलं नाही. त्यानंतर खापरपणजोबा गणपतीला, शिमग्याला कधी गावी गेले नाहीत. आजी म्हणाली, "आपल्याला गावात एक गुंठा नाही, ते का वाटतं तुला? दारू-जुगारात गेला म्हणतात ते खोटं. त्याने बायकोपायी सोडला."

लहानपणापासून आम्ही ऐकत आलोय की आजीच्या माहेरची जमीन तिच्या आजोबाने उडवली. चाळीत सगळ्यांची मुलं मे महिन्यात गावी जायची, आजीची भावंडं इथेच राहायची, आणि त्याचा दोष त्या माणसाच्या माथी. सातबारावर फक्त त्यांच्या भावांची नावं का आहेत, हे मीही बघितलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. खापरपणजीचा रिकामा रकाना किती महाग होता आणि त्याची किंमत कुणी भरली, ते मला त्या दुपारी कळलं.

मी आजीला विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंस?"

म्हणाली, "तू बाप विचारत होतीस. हे कुठे विचारलंस?"

आता हेही मी तपासायला हवं, बरोबर ना? एका म्हातारीची ऐकीव आठवण, तीही सत्तर वर्षं जुनी. म्हणून मी तिच्या बहिणीला वेगळं विचारलं, आजीने काय सांगितलं ते न सांगता. तिने खानावळवाली आणि गावचं कुणी लग्नाला न आल्याचं तसंच सांगितलं. जमिनीचं तिला माहीत नव्हतं. म्हणजे काही भाग दोन तोंडांनी पक्का, काही एका तोंडाचा. शीटमध्ये मी तसंच लिहिलंय, कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं यासकट.

बोर्डाचा प्रश्न उरलाच होता. मामाशी दोन दिवस वाद झाला. त्याची भीती खोटी नव्हती. म्हणाला, "अगं, व्याही येणार आहेत. कुणी विचारलं, यांची जात कोणती, तर मी काय सांगू?" मी म्हटलं, "शंभर वर्षांपूर्वी गावाने हेच विचारलं होतं. खापरपणजोबांनी काय सांगितलं?" मामा गप्प बसला. मग म्हणाला, "आईला विचार. ती म्हणेल तसं."

आजीने सांगितलं तसं छापलं. खापरपणजीचं नाव. आई: खानावळवाली आई, करी रोड. जन्मदाते: माहीत नाहीत. खानावळवालीचं खरं नाव कुणालाच माहीत नाही, तिला सगळे मावशी म्हणत, तेव्हा तिथेही अंदाजाने काही टाकलं नाही. आणि खापरपणजोबांच्या नावाखाली जमिनीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, पण जेवणाच्या पंगतीत आजीने स्वतः सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. व्याह्यांनीही ऐकलं. एकाने विचारलं, "मग खानावळ नक्की कुठे होती?" बस, एवढंच. मामा उगाच दोन महिने झोपला नव्हता.

शेवटी दोनतीन गोष्टी, तुमच्यापैकी कुणी असा शोध घेणार असेल तर. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी आधी बोला, कागद नंतर. कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. दोघांना विचारायचं तर वेगवेगळं विचारा. बाईचं लग्नाआधीचं नाव मुद्दाम विचारा, पहिलं नावसुद्धा. गोल वयावर विश्वास ठेवू नका. डीएनए टेस्टची किट मागवायच्या आधी ती कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते ते बघा, आणि ज्याची थुंकी त्याची परवानगी घ्या, मनापासूनची. आणि फक्त बाप कोण, आई कोण एवढंच विचारू नका. वाढवलं कुणी, जेवायला कुणी घातलं, लग्नात उभं कोण राहिलं, हेही विचारा. मी वंशावळीचं जे सॉफ्टवेअर वापरलं त्यात सांभाळणाऱ्या आईसाठी वेगळा दुवा असतो. मला तो तीन महिने दिसला नव्हता.

माझ्या शीटमध्ये ते दोन रकाने अजून रिकामे आहेत. आजीची टेस्ट मी पुन्हा काढलेली नाही. माझी स्वतःची कधी करेन की नाही, ठरवलं नाही. परवा आजीच म्हणाली, "मी गेल्यावर काय ते करा." मी म्हटलं, "तोवर तुझे साडेबारा टक्के जातील." ती म्हणाली, "जाऊ देत."

चला, लोकल आली बहुतेक, आवाज येतोय. इथेच थांबते. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.